चूक तुमची नव्हे, बटणाची!

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. खरं उत्तर द्या हं! मोबाईलवर विजेचं बिल भरायला बसलात, मध्येच काहीतरी अडलं, पडद्यावर तांबडी अक्षरं उमटली, की तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं बाहेर पडतं? "बाई गं, माझंच काहीतरी चुकलं! मला मेलीला यातलं काही कळत नाही." मग मुलाला नाहीतर 'ह्यां'ना हाक मारायची. ते येतात, दोन ठिकाणी बोट लावतात, बिल भरून मोकळे होतात. काम होतं खरं. पण "आपल्याला हे जमायचं नाही" ही गाठ मनात आणखी घट्ट बसते.

आता गंमत ऐका. जगभरच्या विद्यापीठांतून संगणकशास्त्राच्या मुलामुलींना एक विषय शिकवतात. त्याचा पहिला धडाच असा की, वापरणाऱ्याचं जिथं वारंवार अडतं, तिथं दोष वापरणाऱ्याला द्यायचा नाही. तो वस्तूच्या रचनेत शोधायचा. या विषयाला आपण आपल्या भाषेत 'वापरणाऱ्याला मध्यभागी ठेवून केलेली रचना' असं म्हणू. आज त्याचीच ओळख करून घ्यायची आहे. कारण या विषयाच्या वर्गात शिक्षकांइतकीच गरज असते ती तुमच्यासारखीची. कशी, ते पुढे येईलच.

शेगडीवरचा धडा

तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरचा विषय आणि सुरुवात शेगडीपासून? पण या विषयाचे शिक्षक खरोखरच शेगडीचं उदाहरण घेतात! चार बर्नरची शेगडी डोळ्यांपुढे आणा. बर्नर चौकोनात मांडलेले. दोन पुढे, दोन मागे. बटणं मात्र खाली एका ओळीत. आता मागच्या डाव्या बर्नरचं बटण कोणतं? पहिलं की दुसरं? रोजच्या सवयीनं आपला हात बरोबर जातो. पण जावेच्या किंवा बहिणीच्या घरी गेलं की हमखास चुकतो.

१९५९ साली अमेरिकेत अल्फोन्स चापानिस आणि लिंडेनबाउम या दोघांनी याचा रीतसर प्रयोग केला. चार बर्नरच्या शेगडीच्या चार वेगवेगळ्या मांडण्या केल्या आणि लोकांना शेकडो वेळा विचारलं, "या बर्नरचं बटण कोणतं?" एका मांडणीत बर्नर जरा तिरपे सरकवलेले होते, त्यामुळे प्रत्येक बर्नर आपापल्या बटणाच्या रेषेत येत होता. त्या शेगडीवर एकही चूक झाली नाही. बाकीच्या तिन्हींवर चुका झाल्याच. लोक काही एका शेगडीपाशी हुशार आणि दुसरीपाशी बावळट असे निवडलेले नव्हते. फरक होता तो मांडणीत.

याच चापानिस यांनी त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात, विमानांचं एक कोडं सोडवलं होतं. बी-१७ जातीची विमानं सुखरूप उतरत आणि उतरल्यावर वैमानिक चुकून चाकंच आत ओढून घेत! सगळे म्हणत, वैमानिकांची चूक. चापानिस यांनी पाहिलं, तर चाकांचा खटका आणि पंखांच्या फळ्यांचा खटका, दोन्ही अगदी सारखे आणि शेजारी शेजारी. थकलेल्या माणसाच्या हाताला फरक कळावा कसा? त्यांनी चाकाच्या खटक्याला छोटं रबरी चाक बसवलं आणि दुसऱ्याला पाचरीसारखा आकार दिला. हात लावताच कळू लागलं आणि त्या चुका थांबल्या. हळदीच्या आणि तिखटाच्या डब्यांना आपण वेगवेगळी झाकणं का लावतो, ते आठवा म्हणजे झालं.

पुढे १९८८ साली डोनाल्ड नॉर्मन या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिलं. त्यात शेगडी आहे, नळ आहेत, आणि ढकलायचं की ओढायचं ते न कळणारी दारंही आहेत. त्यांच्या सांगण्याचं सार एवढंच, की वस्तू नीट रचलेली नसली तरी माणसं स्वतःलाच दोष देतात आणि गप्प बसतात. आणि ती गप्प बसतात म्हणून वस्तू सुधारत नाही. हे पुस्तक आजही या विषयाच्या विद्यार्थ्यांच्या हाती पहिल्यांदा दिलं जातं.

एटीएमचीच गोष्ट घ्या. पूर्वी बरीच यंत्रं आधी पैसे देत आणि मग कार्ड. लोक पैसे घेऊन निघत आणि कार्ड यंत्रातच राही. का? तर ज्यासाठी आलो ते हाती पडलं, की मन म्हणतं, काम संपलं. उतू जाणारं दूध घाईनं खाली उतरवावं आणि गॅस तसाच जळत राहावा, तसंच हे. मग यंत्राचा क्रम बदलला: आधी कार्ड काढा, मगच पैसे मिळतील. लोकांना शहाणं करायची गरज पडली नाही, यंत्राला केलं की झालं!

स्वयंपाकघरातली इंजिनीयर

"ज्याला वापरायचं आहे त्याला आधी विचारा" ही कल्पना कॉम्प्युटरच्याही आधीची. ती रुजवणाऱ्यांत एक बाई होत्या, हे तुम्हाला वाचायला आवडेल. लिलियन गिलब्रेथ त्यांचं नाव. जन्म १८७८ सालचा, अमेरिकेतला. बारा मुलांची आई, मानसशास्त्रातली डॉक्टरेट, आणि कामानं इंजिनीयर. १९२४ साली नवरा वारला. तोवर कारखान्यांना सल्ला द्यायचं काम दोघं मिळून करीत. पण एकट्या बाईला ते काम द्यायला कारखानदार तयार होईनात. तेव्हा बाईंनी स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला.

गंमत म्हणजे बाईंना स्वतःला स्वयंपाकाची फारशी गोडी नव्हती. म्हणूनच की काय, त्यांनी आपल्या मनाचं काही धरलं नाही. शेगडी आणि मोरीची उंची किती असावी, हे ठरवण्यासाठी त्यांनी ४,०००हून अधिक बायकांकडे चौकशी केली, असं सांगतात. पायानं झाकण उघडणारा कचऱ्याचा डबा आणि फ्रीजच्या दारातले कप्पे या सोयींशी त्यांचंच नाव जोडलेलं आहे. १९३५ साली त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापिका झाल्या. आज जो विद्यार्थी ॲप लिहायच्या आधी लोकांच्या घरी जाऊन प्रश्न विचारतो, तो नकळत या बाईंच्याच वाटेनं चाललेला असतो.

वर्गात नेमकं काय शिकवतात?

आता आपण वर्गात शिरू. संगणकशास्त्राचा विद्यार्थी म्हणजे हुशार, तरतरीत, यंत्राशी मैत्री असलेला. पण नेमकी तीच त्याची अडचण होते. ज्यानं घर बांधलं, त्याला अंधारातही दिव्याचं बटण सापडतं. पाहुणा मात्र भिंत चाचपत राहतो. विद्यार्थ्यानं बटण स्वतःच तिथं ठेवलेलं असतं, म्हणून त्याला वाटतं की ते सगळ्यांना दिसणारच. तेव्हा शिक्षक त्याला बजावतात: "वापरणारा म्हणजे तू नव्हेस."

१९८५ साली जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस यांनी यासाठी तीन नियम लिहून ठेवले. पहिला, सुरुवातीपासून वापरणाऱ्यांना ओळखा, त्यांचं काम समजून घ्या. दुसरा, खऱ्या माणसांकडून खरं काम करवून पाहा आणि कुठं किती अडतं ते मोजा. तिसरा, सापडलेले दोष दुरुस्त करा आणि पुन्हा करवून पाहा. तुम्ही म्हणाल, यात नवीन ते काय? आमटीला उकळी आली की आपण चव घेतो, मीठ घालतो, पुन्हा चव घेतो. अगदी बरोबर! पण या दोघांनी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जाणत्या मंडळींना "तुम्ही कोणत्या पायऱ्यांनी काम कराल, लिहा" असं सांगितलं, तेव्हा तिन्ही गोष्टी लिहिणारे फार थोडे निघाले. आमटी न चाखता पंक्तीत वाढणारेच जास्त!

हे नियम कागदावरच राहिले नाहीत. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी आयबीएम कंपनीच्या माणसांनी खेळाडूंना फोनवरून बोलके निरोप देता-घेता येतील अशी सोय केली. देशोदेशींचे खेळाडू, बारा भाषा, आणि शिकवणी घ्यायला कुणालाच वेळ नाही. त्यांनी काय केलं? कॉम्प्युटरचा कार्यक्रम लिहायच्या आधीच तो कसा वापरावा याची माहितीपत्रिका लिहिली आणि लोकांना वाचायला दिली. जिथं वाचणारा अडखळला, तिथं पत्रिकेबरोबर यंत्रणाही बदलली. नमुना येण्याजाण्याच्या वाटेवर मांडून ठेवला आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला म्हटलं, "जरा बघून सांगा." शेवटी तर "मोडून दाखवा पाहू" अशा चाचण्याही घेतल्या. ऑलिंपिकमध्ये ही सोय नीट चालली.

हळूहळू हा विषय कॉलेजांतून रीतसर शिकवला जाऊ लागला. १९९२ साली अमेरिकेतल्या एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या एका गटानं त्याचा अभ्यासक्रमच छापला. आज वर्गात साधारणपणे तीन पायऱ्यांनी शिकवतात. त्या जरा बारकाईनं पाहू.

पायरी पहिली: आधी शिष्य व्हा. पुरणाचं कणीक किती सैल भिजवायचं, हे तुम्ही सुनेला शब्दांत सांगू शकाल का? "हाताला कळतं गं," एवढंच म्हणाल. पण ती शेजारी उभी राहिली तर बघून शिकेल. कामाचं ज्ञान असंच हातात असतं, तोंडात नसतं. म्हणून विद्यार्थ्याला कामाच्या जागी पाठवतात. ह्यू बायर आणि कॅरन होल्ट्झब्लाट यांनी १९९८च्या आपल्या पुस्तकात हे नातं स्पष्टच सांगितलं: वापरणारा गुरू, बनवणारा शिष्य. भिशीचा हिशेब ठेवणारी बाई वही कशी आखते, कोणाचं नाव आधी लिहिते, पैसे आले की कुठं खूण करते, हे सगळं त्यानं बसून पाहायचं. मगच भिशीचं ॲप!

पायरी दुसरी: कागदाची भातुकली. मोबाईलचा पडदा पेन्सिलीनं कागदावर काढायचा. एक विद्यार्थी स्वतःच 'कॉम्प्युटर' होतो. समोरच्या बाईनं कागदावरच्या बटणावर बोट ठेवलं, की तो पुढचा कागद सरकवतो. पोरखेळ वाटतो ना? पण कागद फाडायला कुणाला वाईट वाटत नाही. महिनाभर राबून लिहिलेला कार्यक्रम मात्र टाकवत नाही. १९८१ ते १९८५ या काळात स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या संशोधकांनी वृत्तपत्रांच्या छापखान्यातल्या कामगारांबरोबर असाच खेळ मांडला होता. येऊ घातलेल्या यंत्राच्या जागी त्यांनी चक्क पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं, त्यावर यंत्राचं नाव लिहिलं, आणि कामगारांना म्हटलं, "आता तुमचं काम करून दाखवा." यंत्र येण्याआधीच, ते कसं असावं हे कामगार सांगू लागले.

पायरी तिसरी: गप्प बसा! ही सगळ्यांत अवघड. विद्यार्थी आपलं ॲप कुणाच्या तरी हाती देतो आणि म्हणतो, "यातून गॅसचा नंबर लावा. मनात जे येईल ते मोठ्यानं बोलत राहा." आणि मग त्यानं बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, फोन हिसकावून घ्यायचा नाही. समोरची बाई म्हणते, "हे काय आलं बाई? इथं दाबू का? नको, पैसे कापले गेले तर!" यातलं प्रत्येक वाक्य त्यानं लिहून घ्यायचं. मोठ्यानं बोलत काम करवून घेण्याची ही रीत सॉफ्टवेअरच्या तपासणीत आणली ती वर सांगितलेल्या क्लेटन लुईस यांनीच, १९८२ साली.

बटण डोळ्यांसमोर असून बाईंना दिसत नाही, तेव्हा त्या मुलाचे हात कसे शिवशिवत असतील! पण त्याच पाच मिनिटांत तो शिकतो ते पुस्तकातून शिकता येत नाही. "पैसे कापले जातील" ही भीती त्याच्या डोक्यातच आली नव्हती. आता तो बटणापाशी लिहील, "अजून पैसे गेलेले नाहीत. आधी तपासून घ्या."

आणि यासाठी शेकडो माणसं जमवावी लागतात असंही नाही. डेन्मार्कचे याकोब नील्सन सांगतात, की पाच जणांना बसवलं तरी बहुतेक दोष उघडे पडतात. मात्र पाच जण बघायचे, दुरुस्त करायचं, पुन्हा नवे पाच जण बघायचे. एकदम पंधरा जणांना बोलावण्यापेक्षा हे बरं.

आपल्या भाषेतलं उदाहरण

हे सगळं साता समुद्रापलीकडचंच आहे असं समजू नका. मुंबईत पवईच्या आयआयटीत १९६९ सालापासून वस्तूंच्या रचनेचं शिक्षण देणारी संस्था आहे. तिथं प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोबाईलवर मराठी लिहायची अडचण हाती घेतली. इंग्रजीत सव्वीस अक्षरं. आपल्याकडे व्यंजनं, स्वर, काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं. एवढ्याशा पडद्यावर मांडायची कशी?

त्यातून २०१३ साली 'स्वरचक्र' निघालं. त्यात अक्षरं आपल्या शाळेतल्या वर्णमालेच्या क्रमानं मांडलेली आहेत. 'क'वर बोट ठेवलं, की भोवती चक्र उमटतं: का, कि, की, कु, कू... हवं त्या बाजूला बोट सरकवायचं. बघा, यात वापरणारीला नवं काही पाठ करायला लावलेलं नाही. पहिलीच्या वर्गात घोकलेली बाराखडी आणि क-ख-ग-घच्या ओळी, ज्या तिला आधीच येतात, त्यांच्यावरच सगळी मदार. या विषयाचं मर्म हेच: माणसाला जे येतं तिथून सुरुवात करायची.

एवढं महत्त्व कशासाठी?

कुणी म्हणेल, नाही जमलं तर मुलगा आहे की करून द्यायला! पण मैत्रिणींनो, थोडा विचार करा. बँक, रेशन, पेन्शन, दवाखान्याचा नंबर, मुलांच्या शाळेची फी. आज कितीतरी गोष्टी मोबाईलवर आल्या आहेत. जिला आपल्या खात्यातली शिल्लक बघायलाही फोन दुसऱ्याच्या हाती द्यावा लागतो, आपला गुप्त आकडा सांगावा लागतो, तिचा पैसा तिचा असूनही पुरता तिचा राहत नाही. माहेरच्या भाऊबीजेचे दोनशे रुपये पूर्वी आपण डाळीच्या डब्यात ठेवत होतो. ते ठेवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. तेवढी मोकळीक मोबाईलवरही असायला नको का? एक वेडंवाकडं बटण बाईची तीही मोकळीक काढून घेऊ शकतं. म्हणून त्या विद्यार्थ्याला गप्प बसायला शिकवणं हा केवळ परीक्षेचा प्रश्न नाही.

तुमच्या दारी विद्यार्थी आला तर...

कॉम्प्युटर शिकणारा भाचा, पुतणी किंवा शेजारचा मुलगा कधीतरी तुम्हाला म्हणेल, "काकू, माझं ॲप जरा वापरून बघता का?" "अरे, मला कुठलं कळतंय!" असं म्हणून त्याला परत पाठवू नका. त्याला तुम्हीच हव्या आहात! फक्त एवढ्या गोष्टी लक्षात ठेवा:

१. परीक्षा तुमची नाही, त्याच्या कामाची आहे. चांगला विद्यार्थी हे आधीच सांगतो. नाही सांगितलं तर तुम्ही सांगा.

२. तुमची रोजची परिस्थिती असू द्या. चष्मा लावत असाल तर लावा. मधून कुकरची शिट्टी झाली तर खुशाल उठा. परत आल्यावर कुठं होतो ते सापडतं का, हेही त्याला कळायलाच हवं.

३. मनात येईल ते बोला. "हा शब्द कळला नाही", "इथं भीती वाटली", "हे बटण आहे की नुसती नक्षी?" यातलं काहीही बावळटपणाचं नाही.

४. खोटं कौतुक करू नका. "छान केलंयस हो!" म्हणून लाडू हातावर ठेवलात, तर लाडू त्याला मिळेल, शिकायला काही मिळणार नाही. लाडू चाचणी संपल्यावर द्या!

५. त्यानं मध्येच बोट घातलं, तर हळूच हात बाजूला करा. "थांब, मला शोधू दे," असं सांगा.

६. चाचणीत खरा बँकेचा आकडा, पिन किंवा ओटीपी कधीही घालू नका; मागणारा घरचा असला तरी. फोटो किंवा आवाज घ्यायचा असेल तर त्यानं आधी विचारलं पाहिजे. कंटाळा आला तर मध्येच उठायचा तुम्हाला हक्क आहे.

७. आठ-पंधरा दिवसांनी विचारा, "काय रे, माझं अडलं होतं ते बदललंस का?" या एका प्रश्नानं तो जेवढा शिकेल, तेवढा गुणांनीही शिकायचा नाही.

आणि चाचणीला कुणी आलं नाही, तरी एक गोष्ट आजपासून करता येईल. एखाद्या ॲपवर किंवा यंत्रापाशी अडलात, तर नेमकं कुठं अडलं, कोणता शब्द कळला नाही, ते एका कागदावर लिहून ठेवा. दुकानात, बँकेत, जिथं सांगता येईल तिथं सांगा. घरात मुलाला हाक मारायचीच झाली, तर "मला येत नाही" म्हणू नका. म्हणा, "हे नीट केलेलं नाही, कुठं दाबायचं ते यांनी दाखवलेलंच नाही." पुढच्या वेळी त्यानं बोट लावायच्या आधी फोन तुमच्याच हाती राहू द्या, आणि त्याला नुसतं शेजारी बसायला सांगा.